कुंदा घरात असताना लावू नये

रास्ता पेठेत, पॉवर हाऊसच्या मागच्या गल्लीत
मी कवळ्या बनवते.
दिवसभर मेण, प्लास्टर, गुलाबी हिरड्या,
डॉक्टरांचे फोन: आजोबांना रविवारी लग्नाला जायचंय,
दात शनिवारीच हवेत.
संध्याकाळी शटर अर्धं ओढते
आणि रेकॉर्ड लावते.

भुतांच्या सिनेमांचं संगीत. तेवढंच.
सिनेमे मी बघत नाही, रक्त सोसत नाही मला.
मला हवं असतं दार उघडण्याच्या आधीचं:
सिंथेसायझरचा एकच खर्ज, धरून ठेवलेला,
वर मेणाच्या थेंबांसारखे सूर,
पडता पडता पांढरे होणारे.
जिन्यावरून कोण येतंय हे रेकॉर्डला माहीत नसतं.
ते येतच असतं. पोचत नाही.

एकशे चौदा झाल्या.
एक जांभळी, आरपार दिसणारी, इटलीहून मागवलेली,
तिच्यापायी दोन महिने रिक्षा बंद होती.
एक आपल्याकडचीच, हवेलीवाली,
तिच्यातलं घुबड माणसानं काढलंय, कळतं.
शेजारचे पोफळे टेलर डोकावून विचारतात,
मॅडम, आज कोण गेलं?

जुन्या बाजारात गफूरभाई
नळाच्या तोट्या नि मिक्सरच्या भांड्यांपलीकडे
रेकॉर्डी रचून ठेवतो,
उन्हानं वाकू नयेत म्हणून वर फ्लेक्स,
कुठल्याशा दादांच्या वाढदिवसाचा.
(दादांचे वरचे चार दात बसवलेले आहेत.
मला लगेच कळतं.)
ताई, तुमचा माल आलाय, म्हणाला.
गाणं एक नाही, नुसतं कण्हणं. दोनशे द्या.

कव्हरवर एक खिडकी,
आणि ओल लागून नेमकी खिडकीलाच बुरशी.
आतल्या कागदावर रबरी शिक्का:
वि. ग. अष्टेकर, नारायण पेठ.
खाली निळ्या शाईत, सावकाश काढलेलं अक्षर:
*दुसरी बाजू कुंदा घरात असताना लावू नये.*

जुनी कवळी हातात आली की
मी सांगू शकते, माणूस कुठल्या बाजूनं चावायचा.
दिव्याखाली रेकॉर्ड धरली.
पहिली बाजू राखाडी, झिजून झिजून गुळगुळीत.
दुसरी
काळीभोर. कोरी.

म्हणजे कुंदा घरातच होती.
वर्षानुवर्षं घरातच होती.
मंडईत गेली तरी पिशवी विसरली म्हणून परत येणारी,
माहेरी गेली तर दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं.
आणि अष्टेकर पहिलीच बाजू
पुन्हा पुन्हा लावत राहिले,
न कुरकुरता, असं मी धरून चालते.

एक ओरखडा मात्र आहे.
सुरुवातीपासून बोटभर आत.
सुई घाईनं उचललेली.
जिन्यात चपला वाजल्या असतील.

किंवा बरेच दिवस
वाजल्या नसतील.

आठवडाभर ती तशीच टेबलावर होती,
एका सबनीस आजींच्या वरच्या कवळीशेजारी.
मला घाबरवून सोडावं असं घरात कुणी नाही,
तरी मी शुक्रवारपर्यंत थांबले.
मग लावली.
खर्ज. खर्ज. टक्.
इथून पुढे कुणीच गेलेलं नव्हतं.

भयंकर असं काही निघालं नाही.
पेटीचा भाता कुणी झोपेत ओढावा तसा एक सूर,
त्याच्या मागे दुसरा, थोडा बेसूर,
बराच वेळ एकमेकांना शोधत असल्यासारखे.
मला वाटतं, कुंदाला चाललं असतं.
मला वाटतं, तिनं विचारलंही असेल कधी,
त्या बाजूला काय आहे हो?
आणि हे म्हणाले असतील, काही नाही.

पोफळ्यांचं मशीन थांबलं.
अर्ध्या शटरखाली
दोन चपला येऊन उभ्या राहिल्या.

मी सुई उचलली नाही.