सांधेबदल

याउंदेत दुपारी वीज गेली
की एर्मिन आधी जनरेटरकडे धावते,
मग चपला शोधते.
उणे ऐंशीच्या पेटीत साडेतीन हजार नळ्या,
प्रत्येकीवर बर्फाची साय,
सायीखाली आकडा.
नाव नाही. नाव वेगळ्या वहीत,
वही वेगळ्या कुलपात,
किल्ली मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या गळ्यात.

पडद्यावर अक्षरं चारच,
पण फिरून फिरून तीच, नऊ हजारांच्या वर.
ती वाचते, जशी जुनी पोथी कुणी वाचावी
पाठभेद लावत:
या प्रतीत इथे अक्षर गळलंय, त्या प्रतीतही गळलंय,
म्हणजे दोघींची आई एक.

चारशे सतरा नंबरची नळी मात्र हट्टी.
सुरुवातीला एका घराण्याची,
मध्यावर भलत्याच गोत्राची,
शेवटी पुन्हा माहेरी आल्यासारखी.
आपलाच हात चुकला असेल म्हणून
एर्मिननं पहिल्यापासून केलं. तीनदा.
हात चुकला नव्हता.

होतं असं:
एका माणसात एक आजार दोन दारांनी शिरतो.
कुठल्याशा एका पेशीत दोघांची गाठ पडते,
दोन धागे एकाच कवचात बांधले जातात.
पुढच्या पेशीत बसलेला असतो लेखनिक,
घाईचा, आंधळा, न थकणारा.
या धाग्यावरून लिहिता लिहिता
त्याचं बोट शेजारच्या धाग्यावर घसरतं
आणि तो तसाच पुढे लिहीत जातो.
नवी संहिता झाली
हे त्याच्या गावीही नसतं.

न्गाउंदेरेला रूळ संपतात.
तिथे रात्री डब्यांतून ट्रकांत माल चढतो,
सिमेंट, साखर, जपानी टायर,
आणि युगुदासारखे ड्रायव्हर
पुढचे आठ दिवस उत्तरेची धूळ खातात.
स्टेशनाबाहेर पेलाजी मासे भाजते.
तिचं नि युगुदाचं लग्न आहे, नाही,
हे वर्षातल्या महिन्यावर अवलंबून.

तीच पेलाजी एकदा रात्रभर गाडीत बसून
याउंदेला आली.
खुर्चीवर बसलीच नाही.
"तुम्ही झाड काढता म्हणे.
त्यात दिसतं का, कुणी कुणाला दिला?"

एर्मिननं तिचा नंबर विचारला नाही.
"झाडाला फांद्या असतात, बाण नसतात," म्हणाली.
"दोन फांद्या शेजारी आल्या,
तरी मधला तिसरा माणूस
आमच्या पेटीत कधी आलाच नसेल."

"मग काढता कशाला?"

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात,
पण पाणी प्यायचंय सगळ्यांना.
एर्मिन इतकंच म्हणाली:
"उद्या नवं रूप आलं
तर तपासणीला ते ओळखू यावं.
औषधाला जुमानावं त्यानं."
पेलाजीनं ऐकून घेतलं.
पटलं की नाही, कळलं नाही.
जाताना केळीच्या पानात गुंडाळलेला धुरावलेला मासा
टेबलावर ठेवून गेली,
नळ्यांच्या टेबलावर, जिथे काही खायचं नसतं.
एर्मिननं तो बाहेर पायरीवर बसून खाल्ला,
काटे काढत, सावकाश.

नियम असा आहे:
नव्या मिश्र रूपाला नाव सहजी मिळत नाही.
एकमेकांना कधीच न भेटलेल्या
तीन माणसांत सापडावं लागतं.
नवरा-बायको मिळून एकच धरतात.
तोवर ते बिननावाचं, एकट्याचं,
एका देहात चुकून झालेलं.

चारशे सतराचा जोडीदार मार्चमध्ये सापडला,
दुआलाच्या बंदरातून आलेल्या खोक्यात.
तेच तुटणं, त्याच अक्षरापाशी,
तोच सांधा.
दोन झाले.

आता रोज सकाळी नवी खोकी उघडताना
एर्मिनचा हात जरा थबकतो.
तिसरा मिळाला तर
वहीत एक नाव वाढेल, नकाशावर एक रंग.
ती शोधते तर आहेच, मन लावून,
डोळे दुखेपर्यंत,
आणि प्रत्येक नळी वाचून झाली की
पुटपुटते:
ही नाही.
बरं झालं.