वीस पेन्सांचं नाणं

डेस्मंडने वीस पेन्सांचं नाणं
टायरच्या खाचेत उभं केलं.
नाण्याची अख्खी कड बाहेरच राहिली.
"हा गेला," म्हणाला,
आणि उजव्या चाकाची बाहेरची बाजू चाचपत:
"डावीकडे वळताना तुम्ही ब्रेक दाबत नाही."

खरं होतं. घरी कुणाला माहीत नाही.
ग्लॉसॉपहून शेफील्ड, रोज स्नेक पास,
पहाटे पावणेसहा, धुकं, मेंढ्या,
आणि ते एक वळण, जिथे गाडी
पोटऱ्या आवळून धरते रस्ता
आणि मीही.

त्याने दोन प्रकार दाखवले,
स्थळं सांगावीत तसे.
एक मऊ. डांबराला काकवीसारखा चिकटतो,
पण दोन वर्षांत सरतो,
आणि कडाक्याच्या थंडीत लाकूड होतो.
दुसरा समजूतदार. पावसापाण्याचा,
आवाज कमी, आयुष्य जास्त,
कुणाच्या अध्यात ना मध्यात.

श्रीरंगचा मेसेज आला:
स्वस्तातले घे, गाडी हॉस्पिटललाच तर जाते.

हॉस्पिटललाच तर जाते.
तिथे दिवसभर मी एक्स-रेच्या काचेमागून
माणसांना सांगते: हलू नका.
श्वास धरा.
आता सोडा.

"मऊ," मी म्हटलं.
"हिवाळ्याला दुसरा जोड लागेल."
"लागू दे."

बिल बघून पोटात गोळा आला, तो वेगळा.

"पहिले शंभर मैल जपून हं," डेस्मंड म्हणाला,
"नवं रबर निसरडं असतं."

म्हणून तिशीने घरी निघाले.
वळणाच्या अलीकडेच
मेंढ्यांचा एक ट्रेलर
हॉर्न देऊन मला मागे टाकून गेला.