पाच नऊ नऊ

मिंगेल लोबो जहाजावर मार्कोनीसाहेब होता.
जहाजांनी मोर्स टाकून दिला, तेव्हा त्यालाही.
वेंगुर्ल्याला परतला तो एक पितळी चावी घेऊन
आणि होड्यांचे वायरलेस दुरुस्त करायच्या माझ्या बापाच्या दुकानात
स्टुलावर बसून बोटाने टेबल वाजवत राहायचा.
मी अकरावीत. विचारलं, काय वाजवताय?
म्हणाला, तुझं नाव. लांबलचक आहे गो, हेमलता,
बुडणाऱ्याला एवढं परवडत नाही.

ठिपके मोजायचे नाहीत, हा पहिला धडा.
कोंबडा आरवतो तेव्हा मात्रा मोजतेस का?
डिडिडिडा, डिडिडा:
गिरणीचा पट्टा, देवळातली झांज,
खोबरं किसायची विळी, सगळीकडे तेच.
आईने शेजारणीला विचारलं, ह्या चेडवाक काय झाला?

परीक्षा गोव्यात दिली.
परवाना चौदा महिन्यांनी आला.
पोस्टमनने पाकीट मसाल्याच्या दुकानात ठेवलं होतं,
अजून उघडलं की ठसका लागतो.

पहिल्या स्पर्धेत अठ्ठेचाळीस तास
आणि माणसं सदतीस.
बर्फाच्या कारखान्याची मोटर लागली की कान भरून यायचे.
माडाला बांधलेली तार माडाच्याच मर्जीने हलायची.
निकालात माझ्या खाली एकच जण होता.
त्याचं यंत्र जळलं असणार, लोबो म्हणाला.

मग एकदा भाऊ जाळं शिवता शिवता सहज बोलला,
खाडीवरून हाक मारली की पल्याड पोचते,
जमिनीवरून पाणंदीपर्यंतही नाही.
तो तरीवाल्याबद्दल बोलत होता.
मी ॲल्युमिनियमचा नवा खांब घेतला
आणि कंबरभर चिखलात जाऊन रोवला.

आता टेबलावर दोन कागद असतात,
एक स्पर्धेचा, एक भरतीचा.
पाणी खांबाच्या पायाशी चढलं की ब्राझील येतो,
कधी चिली,
एकदा तर असं बेट, जिथे माणसं सहा आणि बाकी पक्षी.
ओहोटीला सगळे पुसट.
कुर्ल्या तारांवर चढतात, त्यांना कुठे बोलायचं असतं कोण जाणे.

शनिवारी पहाटे साडेपाचला जगाच्या घड्याळात शून्य वाजतं.
नवाबागेत होड्या लागत असतात, लिलावाची ओरड सुरू,
आणि माझ्या कानात अख्ख्या पृथ्वीचा लिलाव.
नवरा पेज ठेवून जातो. ती निवते. तो परत गरम करतो.
सगळे सगळ्यांना सांगतात, पाच नऊ नऊ,
म्हणजे खणखणीत ऐकू येतोस.
येत नसलं तरी.
ही एकच थाप या खेळात सगळ्यांना मंजूर आहे.
मागोमाग मी देते बावीस, माझ्या मुलखाचा आकडा.
नाव नाही, गाव नाही, घरची कशी आहेत नाही.
पुढचा.

यंदा सोमवारी उजाडता उजाडता संपलं
तेव्हा बोट सुजलेलं, आकडा एक हजार चारशे बारा.
तशीच उठून लोबोकडे गेले.
त्याला दोन वर्षं झाली, काहीच ऐकू येत नाही.
ओट्यावर बसून त्याच्या गुडघ्यावर आकडा वाजवला,
चुकले, परत वाजवला.
तो बराच वेळ समुद्राकडे बघत राहिला,
मग माझ्या मनगटावर बोटाने, न थरथरता:
पाच नऊ नऊ.

थापाड्या, मी म्हटलं. त्याला कुठे ऐकू जातंय.
भरती किती वाजता, एवढंच त्याने तोंडाने विचारलं.