दोन गाठी

टेप भुवयांवरून न्यायची, कानांवरून,
मागच्या उंचवट्यावरून. तीनदा.
सगळ्यांत मोठा आकडा लिहायचा.
अठ्ठेचाळीस. पोर चार महिन्यांचं.
खाइंझा आकडा वाचत नाही,
माझं तोंड वाचते.

डॉक्टर ओपोलोत इंग्रजीत बोलतात,
मी लुगिसूत सांगते.
एक वाट नळीची :
डोक्यातून कानामागे, मानेतून, कातडीखालून
थेट पोटात. तिथं अंगच पाणी पिऊन टाकतं.
पण नळी जन्माची. तुंबते कधी, पिकते कधी.
पोर वाढतं, ती वाढत नाही.

दुसरी बिननळीची :
दुर्बीण घेऊन आत उतरायचं,
तळाच्या पातळ पडद्याला भोक पाडायचं,
पाणी जिथं झरतं ती झालर थोडी जाळायची.
मग पाणी आपली वाट आपण काढेल.
काढेलच असं नाही.
भोक बुजलं, तर बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत.

"यातलं चांगलं कुठलं?"
सगळ्याच विचारतात.
डॉक्टरांनी उलट विचारलं : घर किती लांब?

केळीतून उतरत दोन तास, ती म्हणाली.
मग बोडा, पैसे असले तर.
मग टॅक्सी भरेपर्यंत बसून राहायचं.
एप्रिलात दरड आली की
रस्ता लांब नसतो, नसतोच.

त्या 'नसतोच'ला
माझ्याकडे इंग्रजी शब्द नव्हता.

रात्री तुंबलेली नळी सकाळची वाट बघत नाही.
हे डॉक्टर बोलले. मी फक्त तोंड दिलं.

"भोकातून ते पाणी जाईल कुठं?"
पाकिटाच्या पाठीवर त्यांनी चित्र काढलं.
तिनं बराच वेळ पाहिलं.
"म्हणजे डोक्यातच राहणार. फक्त अडणार नाही."
आणि अंगठा पुढे केला.

तिसऱ्या दिवशी टाळू दबली,
बोटाच्या पेराएवढी.
खालच्या पापणीत बुडालेली बुबुळं
वर आली, आईवर थांबली.
विणलेली टोपी काही बसली नाही.
यंदा बसणारही नाही.

निघताना लाल दोरा मोजून दिला.
अठ्ठेचाळीसवर एक गाठ, पन्नाशीवर दुसरी.
दर रविवारी, चर्चहून आल्यावर, गुंडाळून बघ.
दुसरी गाठ ओलांडली, टाळू फुगली,
पोर ओकायला लागलं, तर निघ.
दरड असो नसो.

तिनं तो आधी स्वतःच्या मनगटाला गुंडाळला.
मग सोडवला,
आणि पैशांच्या रुमालात बांधला.