भाड्याचं भय

बस, से-रिन. पायमोजे हीटरवर टाक वाळत.
सुटलीस ना रात्रपाळीतून? राम्यन ठेवते, अंडं फोडून.
बंदरावरून धुकं चढलंय, आज गिऱ्हाईक यायचं नाही.
तसंही गुन्सानमध्ये आता कॉमिक्स भाड्याने नेतं कोण?
तू, आणि तो बर्फाच्या कारखान्यातला पोरगा. बस्स.

काय हवंय म्हणालीस? भीती. पण रक्त नको.
खरंय, रक्त तू रात्रभर पुसतेसच.
भूतही नको. भुताला निदान आत यायला दार लागतं.
तुला ते हवंय, जे आधीपासून आतच बसलेलं असतं
घरातल्या सपाता घालून.
मन चिंती ते वैरी न चिंती:
एकतीस वर्षं हे दुकान त्याच भांडवलावर चाललंय.

हा सिनेमा ने. डीव्हीडीला चरा गेलाय, पण चालते.
एक बाप रोज न्याहारीला वेगळ्या खुर्चीत बसतो.
एवढंच. कुणी काही बोलत नाही.
चौथ्या दिवशी धाकटी मुलगी
उभ्यानेच जेवायला लागते.
ज्याच्या घरी बाप आहे त्याला मी हा देत नाही.

कादंबरी म्हणशील तर नुसती पत्रं आहेत,
घरमालकाने भाडेकरूला लिहिलेली.
प्रत्येक पत्र आधीच्याहून अदबीचं.
शेवटच्या पत्रातल्या 'कृपया'चा
मला अजून धसका आहे.

गेम खेळतेस? फ्लॅटमधले दिवे मालवायचे आणि निजायचं.
राक्षस नाही, बंदूक नाही, गुणही मिळत नाहीत.
फक्त दुसऱ्या रात्री तो विचारतो,
काल न्हाणीघराच्या दिव्यापाशी का थांबलीस?
बर्फवाल्या पोराने तो तिसऱ्याच दिवशी आणून टाकला.
त्याच्या खोलीत महिनाभर उजेड होता म्हणे.

पण थांब. तुझ्यासाठी खरं तर हे.
पातळसं आहे, निळ्या पुठ्ठ्याचं.
एक बाई मेलेल्या आईची रजई उसवत बसलीय,
आणि दर पानावर एक चौकट कमी होत जाते.
कळतच नाही गं. बोलणं जुळतं, गोष्ट पुढे सरकते,
तू आपली वाचत जातेस,
आणि एकदम कोरं पान.
मग मागे जाऊन मोजतेस, तेव्हा दिसतं
केव्हापासून गळत होतं.
शपथेवर सांगते, असलं काही तू वाचलेलं नाहीस.

'नाही वाचलेलं,' तू म्हणतेस. 'द्या.'

वही उघडते. तारीख तुलाच विचारते.
ओळ शोधते तुझ्या नावासाठी,
तर वरच्या ओळीत तुझंच नाव. निळं कॉमिक. हजार वॉन.
त्याच्या वर बर्फवाला. त्याच्या वर पुन्हा तू. निळं कॉमिक.
पान उलटते. छुसोकच्या आदल्या दिवशी. निळं कॉमिक.
चेरी फुलल्या त्या आठवड्यात दोनदा.
अक्षर माझंच, शेवटची रेघ ओढत नेण्याची खोडही माझीच.
आतल्या पुठ्ठ्यावर दुकानाचा शिक्का
आणि खाली मेंग ओक-बुन. म्हणजे मी.
मोजायला घेतलं. सोडून दिलं.

तूच सांगितलं होतंस, तिसऱ्या मजल्यावर तुझा वॉर्ड,
तिथे कुलपाचा आकडा दारावरच लिहिलेला असतो,
आणि तरी कुणी बाहेर पडत नाही.
हे मला आठवतं. बघ, हे आठवतं.

राम्यन उतू जातंय. तू उठून गॅस बंद करतेस,
बटण कुठे आहे हे न शोधता.
कॉमिक पिशवीत घालतेस. मी विचारत नाही,
तू सांगत नाहीस. धंद्याची रीतच आहे,
शेवट आधी फोडायचा नाही.

फक्त तू दारात पोचल्यावर न राहवून म्हणते,
काय गं, मागच्या वेळी वाटली भीती?

ओलसरच पायमोजे चढवतेस. बराच वेळ लावतेस त्याला.
'वाटली, मावशी.
दर वेळी थोड्या अलीकडच्या पानावर वाटते.'