तेविसावा

मी विकत घेतलं आहे
सहाशे बारा चौरस फूट आकाश,
टोरांटोच्या मधोमध, जिथे परवापर्यंत
गालिच्यांचं दुकान होतं आणि आता
खड्ड्यातून वर आलेलं सळ्यांचं रान.
नंबर तेवीसशे सात. दक्षिणेला तळं दिसेल.
दिसेल, असेल, मिळेल :
करारपत्र सगळं भविष्यकाळात आहे,
हप्ते तेवढे वर्तमानात.

विक्री कार्यालयात नमुन्याचं स्वयंपाकघर होतं,
मेणाची लिंबं, नळ होता, पाणी नव्हतं,
खिडकीत तळ्याचा फोटो, त्याच्यामागे दिवा.
पारीसा नावाची मुलगी म्हणाली, दहा दिवस आहेत,
मन बदललं तर पैसे परत.
माझं मन बदललं अकराव्या दिवशी,
बसमध्ये, काही कारण नसताना.

एकतीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात
मी दुसऱ्यांच्या तापाच्या चादरींच्या घड्या घातल्या.
त्यांची थप्पी रचली तर कितव्या मजल्यापर्यंत जाईल
असा हिशोब एकदा केला होता.
सांगत नाही.

तुरी अजून बाजारात, तरी बहीण आणि मी भांडलो
न्हाणीघराच्या फरशीवरून. ग्रासा म्हणाली राखाडी,
मी म्हणाले पांढरी. तीन आठवडे अबोला.
त्या तीन आठवड्यांत तिथून, माझ्या न्हाणीघरातून,
रानहंस जात होते दक्षिणेकडे,
ओरडत, रांगेत, फरशीकडे न बघता.

शनिवारी बाबांना घेऊन जाते.
कुंपणाच्या पत्र्यावर चित्र आहे : वाइन, कुत्रा, हसणारं जोडपं.
कुत्र्याच्या पोटाशी आत बघायला एक चौकोनी भोक.
बाबा त्याला डोळा लावतात.
साओ मिगेल बेटावरून आले तेव्हा एकोणीस वर्षांचे,
मग चाळीस वर्षं या शहरात काँक्रीट ओतलं,
बँका, हॉटेलं, लोकांच्या बैठकीच्या खोल्या;
पण वरच्या मजल्यांवर गेले ते बूट घालूनच.
बूट काढून आत या, असं म्हणायला
तिथे अजून कोणी राहायला आलेलं नसायचं.

ते फोटो बघत नाहीत, पत्रकं वाचत नाहीत.
'अपरिहार्य कारणांमुळे ताबा लांबणीवर'
असं तिसरं पत्र आलं तेव्हा एवढंच म्हणाले,
थंडीत घाई करत नाहीत, बरं आहे.
बँकेने घराची किंमत आता कमी धरली आहे,
मधला फरक मी भरायचा आहे,
हे त्यांना सांगितलेलं नाही.

आज पंपाची लांब मान वर गेली.
आम्ही समोरच्या फुटपाथवर.
बाबांनी बोट हवेत धरलं, ओठ हलवत
खालून वर मजले मोजले, मग म्हणाले, हा तुझा.
मी म्हणाले, नाही, अजून तीन राहिलेत.
ते हसले, मिस्त्री शिकाऱ्याला नाही,
इंजिनियरला हसतो तसे.
लिफ्टमध्ये चार नसतो, तेरा नसतो, चौदा नसतो,
लोक घाबरतात म्हणून आकडे गाळतात.
काँक्रीट गाळत नाही.
पैसे तू तेविसाव्याचे दिलेस, पोरी.
हा विसावा.

राखाडी लगदा वर पडत होता,
माणसं गुडघ्यापर्यंतच्या बुटांत माझ्या घरातून चालत होती.
राखाडी. ग्रासाला कळवायला हवं.

आणि कोपऱ्यात खांब येणार, बाबा म्हणाले,
खाली सगळीकडे आहे, म्हणजे तुझ्याकडेही.
नकाशात तो नव्हता. तिथे मी पलंग लावणार होते.
असू दे, म्हणाले,
या घरात मला तेवढ्याचाच भरवसा वाटतो.

मग कुणाच्यातरी उपड्या बादलीवर बसून
उजव्या बुटाची नाडी सोडू लागले.
पाय दुखतोय का, मी विचारलं.
नाही, म्हणाले, बघतोय
किती वेळ लागतो.