उजवीकडचं काळीज

वाल्पाराइसोत, बंदरामागच्या टेकडीवर
तारेनं ओढला जाणारा एक डबा आहे.
तो मी चालवतो.
नाणं घेतो, दार लोटतो, कळ दाबतो,
माणसं वर पोचवतो. सव्वीस वर्षं.
शेजारच्या पायऱ्या मी कधी मोजल्या नव्हत्या.

डॉक्टर ओयार्सून बाईंनी आन्सेल्मोच्या पोटावर
गार जेल लावलं, पडद्यावर बोट ठेवलं:
हे एवढं चमकायला नको.
मला तर धुक्यातलं बंदर दिसलं,
बोटी कुठे, पाणी कुठे, काही कळेना.

अकरा वर्षांचं पोर.
माझ्या बापाचं यकृत दारूनं खाल्लं, ते समजतं.
याचं कशानं?
घरी काय पिता? बाईंनी विचारलं.
पाणी, मी म्हटलं.
आन्सेल्मो म्हणाला, खोटं.

काळीज म्हणताना हात आपसूक डावीकडे जातो.
खरं काळीज उजवीकडे असतं,
फासळ्यांच्या आडोशाला,
घरभराचं उष्टं निस्तरणारं,
आणि दुखलं तरी सांगत नाही.

औषध लिहून द्या, मी म्हटलं.
बाईंनी कागद दिला, त्यावर औषध नव्हतं.
शीतपेय बंद. ताटात अर्धी भाजी.
रोज तासभर अंग हलेल असं काहीही.
आणि खाली, दोनदा अधोरेखित:
सगळ्यांनी.

त्या सगळ्यांत मी धरलेलो नव्हतो, असं मी धरलं.

रोसाल्बा संध्याकाळच्या चहाला
आता पावाच्या दोनच जोड्या आणते.
तिसरी मी तिकीटखिडकीत खातो,
आटवलेल्या दुधाची साय लावून,
दाराला पाठ करून.

पाकिटांवरचे काळे अष्टकोन आन्सेल्मो मोजतो.
एकावर तीन निघाले
तर गोल झाल्यासारखा ओरडतो
आणि पाकीट परत फळीवर ठेवतो.
कधी ठेवत नाही.
त्या दिवशी आम्ही दोघंही गप्प जेवतो.

शाळेतून येताना तो डब्यात बसत नाही.
मी वर निघालो की तोही निघतो,
रुळाशेजारून, दप्तर पाठीवर,
पहिल्या वळणाला लाल, दुसऱ्याला जांभळा.
वरच्या इयत्तेतली पोरं डब्यातून हाका मारतात,
ढोल्या, ए ढोल्या, टेकडी हलतेय बघ.
एकदा तो मध्येच थांबला, कठड्याला धरून.
काचेतून माझ्याकडे बघितलं.
मला डबा थांबवता आला असता.
नियमात बसत नाही, म्हणून नाही थांबवला.
नियमाचं सोडा,
मला वाटलं थांबवला तर तो रडेल.

सहा महिन्यांनी काटा तिथेच. एक्कावन्न.
एक किलोसुद्धा नाही? माझा आवाज चढला.
बाईंनी त्याला भिंतीला टेकवून उभं केलं,
पेन्सिलीची रेघ मारली: चार सेंटिमीटर.
अहो, वाढत्या वयात वजन जागच्या जागी राहणं
हेसुद्धा उतरणंच असतं.
रक्तातला आकडा चौऱ्याण्णववरून एकसष्ट.
अजून बरा नाही, म्हणाल्या, पण ऐकतंय.
कोण ऐकतंय, मी विचारलं नाही.

घरी येताना आन्सेल्मोनं विचारलं,
पप्पा, तुमचं कधी बघितलंय?
काय?
त्यानं माझ्या उजव्या फासळ्यांखाली बोट रोवलं.
तिकीटखिडकीत पावाचा चुरा असतो, म्हणाला.
कबुतरं येतात.

आज जेवणाच्या सुट्टीत डबा वर सोडून
मी पायऱ्यांनी उतरलो. ते जमलं.
मग चढायला लागलो.
अठ्ठ्याऐंशीव्या पायरीवर बसलोय,
शर्टाचं बटण उघडून,
छातीत बंदरातल्या क्रेनसारखा करकराट.
खाली दप्तर घेऊन तो वर येतोय,
घाईत नाही.
वर डबा रिकामा उभा आहे
आणि कोणीतरी बाई
केव्हाची घंटा वाजवतेय.